विंचवाचे बिऱ्हाड

दिवाळीच्या अंकात मराठीच्या मास्तराने फराळावर लिहावे, फार तर एखाद्या विस्मृत कवीची आठवण काढावी, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. या सदरात मीही ती बहुधा पाळत आलो आहे. यंदा मात्र मी मोटारीवर लिहिणार आहे. मोटार माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ओळखीची मंडळी पेढे मागायला यायची! माझी मजल स्कूटरपुढे गेलेली नाही. पण जिच्याविषयी लिहायचे ती आमच्या गावची लेक आहे, आणि गावच्या लेकीचे कौतुक करायला ती आपल्याच घरची असावी लागते असे थोडेच आहे?

नाशिक म्हटले की बाहेरच्या माणसाला रामकुंड आठवते, सिंहस्थ आठवतो, द्राक्षे आणि चिवडा आठवतो. सातपूरची औद्योगिक वसाहत कोणाला आठवत नाही. तिथे ना देऊळ, ना घाट. परंतु जून 2002 मध्ये जी 'स्कॉर्पिओ' नावाची गाडी बाजारात आली आणि पाहता पाहता देशभरच्या रस्त्यांवर दिसू लागली, ती या आमच्या नाशिकची.

तिच्या घराण्याची हकीगत थोडी मागून सांगायला हवी. 1945 साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहंमद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहंमद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे 1948 साली पाटीवरचा 'मोहंमद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच या कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जुळवायला आरंभ केला. पुढली कित्येक वर्षे मामलेदारांच्या, फौजदारांच्या आणि पाटबंधारे खात्याच्या दारात जी जीप उभी असे, ती हीच. गाडी मजबूत, पण मूळ नकाशा परक्याचा. नंतर 'आर्माडा', 'बोलेरो' अशी तिची भावंडे झाली, तरी चेहऱ्यावरून जीपचे नाते लपत नव्हते.

मग मोटारीचा बाजार परदेशी कंपन्यांना खुला झाला. 1996 पासून काही काळ फोर्डची 'एस्कॉर्ट' आमच्या नाशिकमध्येच जुळवली जात होती. पुढे फोर्डने मद्रासजवळ आपला स्वतंत्र कारखाना थाटला. महिंद्रपुढे प्रश्न उभा राहिला: दुसऱ्याच्याच गाड्या जुळवीत बसायचे, की स्वतःची एक गाडी कोऱ्या कागदापासून काढायची? 1993 मध्ये अमेरिकेतली जनरल मोटर्सची नोकरी सोडून पवन गोएंका नाशिकच्या संशोधन विभागात रुजू झाले होते. त्यांच्यासारख्यांच्या भरवशावर कंपनीने कोऱ्या कागदाची वाट धरली. पाच वर्षे काम चालले. सुमारे सहाशे कोटी रुपये खर्च आला, आणि त्यात कारखान्यातल्या सुधारणाही धरलेल्या होत्या. मोठ्या परदेशी कंपन्या नव्या गाडीवर जो पैसा ओततात, त्याच्या मानाने हा खर्च म्हणजे आपल्याकडले काटकसरीने केलेले लग्न!

हे जमले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. पूर्वी नकाशा काढणारे एकीकडे बसत आणि गाडी बांधणारे दुसरीकडे; कागद भिंतीवरून पलीकडे टाकला की झाले. इथे नकाशावाले, यंत्रवाले, हिशेबवाले आणि विक्रीवाले अशी तरुण मंडळी एकत्र बसवली. आमच्या आळीत एक निवृत्त फिटर राहतात. मी एकदा त्यांना त्या दिवसांविषयी विचारले. ते म्हणाले, "सर, आधी काय व्हायचं, कागद आला की आम्ही जोडायचो. ह्या टायमाला कागद काढणारं पोरगंच शेजारी उभं. मला विचारायचं, 'काका, हा बोल्ट बसवायला पाना आत जाईल ना?' मी नाही म्हटलं की गडी कागद घेऊन परत जायचा. उभ्या नोकरीत मला तोवर असं कोणी विचारलं नव्हतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते बोनस मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेले नाही.

ही हकीगत मी मोठ्या अभिमानाने आमच्या प्राध्यापक-कक्षात सांगितली, तर अर्थशास्त्राचे एक स्नेही हसले. "अहो, ह्यात आपलं ते काय?" ते म्हणाले. "पेट्रोलच्या गाडीचं इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं. बाकीच्या यंत्रणा देशोदेशीच्या पुरवठादारांनी बनवलेल्या. ह्यांनी फक्त जुळवलं. जीप जुळवत होते, आता ही जुळवली!"

त्यांची माहिती खरी होती. या गाडीच्या बहुतेक मोठ्या यंत्रणा पुरवठादारांनीच रचल्या, त्यांनीच तपासल्या. कंपनीने गाडीचे रूप ठरवले, तिच्याकडून काय काम व्हायला हवे आणि त्याला किती पैसा पडावा हे ठरवले. तेव्हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याचे उत्तर अर्थशास्त्रात नसून व्याकरणात आहे, असे मला वाटते.

एक साधे वाक्य घ्या: 'पगार झाल्यावर दुकानातून पाव आणला.' यातला 'पगार' पोर्तुगिजांचा, 'पाव' त्यांचाच, 'दुकान' फारसीतले. नामे तेवढी सगळी परकी! तरी हे वाक्य पोर्तुगीज आहे असे कोणी म्हणेल काय? 'झाल्यावर' आपले, 'तून' आपला, 'आणला' आपले. शब्द उसने आणता येतात. शब्दांना कामाला लावणारे व्याकरण उसने आणता येत नाही. भाषा कोणाची, हे त्यावरून ठरते. जीप जुळवताना भागही परके होते आणि त्यांचे व्याकरणही. स्कॉर्पिओत काही नामे बाहेरची आली, पण वाक्य सातपूरला रचले गेले. आमच्याच त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कॅमेरा विलायतेहून आणला होता. म्हणून 'राजा हरिश्चंद्र' विलायती ठरला नाही.

आणि ज्याला व्याकरण येते तो हळूहळू शब्दही घडवू लागतो. पुढल्या सहा-सात वर्षांतच या गाडीत 'एमहॉक' नावाचे नवे डिझेल इंजिन आले, ते ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या संस्थेच्या साहाय्याने महिंद्रनेच तयार केलेले. 2014 साली तिचा सांगाडाही नवा झाला. ज्यांनी केवळ जुळणी केली असती, त्यांना ही दुरुस्ती कोणी करू दिली नसती.

भाषेनेही तिला चटकन पोटात घेतले. आपला विंचू पुल्लिंगी, पण त्याच अर्थाची स्कॉर्पिओ मात्र गावोगाव 'ती' झाली! नाथांनी ज्याच्यावर भारूड रचले, त्या प्राण्याचे नाव बाळगणारी गाडी लग्नाच्या वरातीत फुलांनी सजू लागली. सप्तशृंगीच्या गडाकडे निघालेले एखादे कुटुंब पाहावे: पुढे आजोबा, मध्ये सासवा-सुना, मागल्या आडव्या बाकांवर पोरे, वर टपावर वळकट्या. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण इतकी अक्षरशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही. गंमत अशी की, इटलीत हीच गाडी 'गोवा' या नावाने विकली गेली. आपण तिला परके नाव दिले आणि परक्यांनी आपले!

पण त्या म्हणीला एक हुरहूर लावणारी बाजू आहे. विंचवाचे बिऱ्हाड एका जागी राहत नाही. 2012 साली मद्रासजवळ कंपनीचे मोठे संशोधन केंद्र सुरू झाले आणि नकाशे काढण्याचे मुख्य ठाणे तिकडे गेले. 2022 मध्ये 'स्कॉर्पिओ-एन' ही नवी गाडी आली, ती पुण्याजवळच्या चाकणला तयार होऊ लागली. जुनी 'क्लासिक' या नावाने नाशिककडे राहिली. व्यवहार म्हणून यात वावगे काही नाही. तरी आमच्या फिटरकाकांना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते थोडे थांबून एवढेच म्हणाले, "काम आहे हो सर इथं. पण 'पाना जाईल का' म्हणून विचारणारं पोरगं आता लांब बसतं."

मला त्यांचे हे वाक्य सोडवत नाही. कारखाना गावात असणे ही भाकरीची सोय झाली, आणि भाकरी लहान गोष्ट नव्हे. परंतु विचार करणारा आणि हाताने काम करणारा एका बाकावर बसणे, ही त्याहून दुर्मिळ गोष्ट काही वर्षे आमच्या गावाने पाहिली. ती पुन्हा यायची तर सरकारच्या किंवा कंपनीच्या एका कागदाने येणार नाही. नकाशा काढणाऱ्या मुलाला पान्याची लाज वाटू नये आणि पाना धरणाऱ्याला 'मला काय कळते' असे वाटू नये, याची सवय घराघरातून लागायला हवी.

त्याला ही दिवाळी काही वाईट मुहूर्त नाही. हल्ली बाजारात तयार किल्ले मिळतात. प्लॅस्टरचे, रंगवलेले, बुरुजांसकट. ते आणू नका. मावळे खुशाल विकत आणा, शिवाजी महाराजही आणा. पण किल्ला मात्र मुलांना अंगणातल्या मातीचा करू द्या. अंगण नसेल तर गच्चीत जुने पोते अंथरा. बुरूज ढासळला तर धावत जाऊ नका. शेजारी उभे राहा, आणि त्यांनी विचारले तरच सांगा.