हमी सरकारची, दार मात्र बंदच!

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे येथे एकीकडे मिलेनियम बिझनेस पार्कच्या झगमगत्या इमारती दिसतात, तर दुसरीकडे भाड्याच्या गाळ्यात लेथवर सुटे भाग घडवणारा लघुउद्योजक. त्याच्या हाती कौशल्य आहे, मालाला मागणी आहे. नाही ते तारण. गाळा भाड्याचा. भूखंड घेतलेला असला तरी औद्योगिक विकास महामंडळाची जमीन भाडेपट्ट्याची. ती गहाण ठेवण्यास महामंडळाची संमती लागते. ज्या भूमिपुत्रांच्या शेतांवर ही वसाहत उभी राहिली, त्यांच्या मुलांपुढे तर गावठाणातील राहत्या घराच्या कागदपत्रांचाच प्रश्न!

हीच कोंडी फोडण्यासाठी ऑगस्ट २००० मध्ये, अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना, केंद्र सरकार व सिडबी यांच्या भांडवलावर पतहमी न्यास उभा राहिला. तत्त्व सरळ आहे. बँकेने तारण न घेता कर्ज द्यावे; ते बुडाल्यास तोट्याचा मोठा वाटा न्यास उचलील. १ एप्रिल २०२५ पासून या हमीची मर्यादा १० कोटी रुपये झाली. सूक्ष्म व लघुउद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बजावले होते.

मग घोडे अडते कुठे? बँकेच्या शाखेत! उद्योजकाला न्यासाकडे थेट जाता येत नाही. अर्ज बँकेमार्फतच जातो. शाखाधिकाऱ्याला 'घर कोणाच्या नावावर आहे?' याच प्रश्नात रस असेल, तर दिल्लीने दिलेली हमी महाप्यापर्यंत पोहोचायची कशी? धंदा न पाहता घर पाहणारी बँक आणि सावकार यांत फरक तो काय?

याच बँकांनी किंगफिशर विमान कंपनीला कर्जे देताना तिचे नाव आणि बोधचिन्हसुद्धा तारण म्हणून स्वीकारले होते. एप्रिल २०१६ मध्ये ३६६ कोटी ७० लाखांच्या राखीव किमतीला ते लिलावात काढले, तेव्हा एकही बोली आली नाही. बड्यांचे नुसते नाव तारण चालते आणि लेथवाल्याचे यंत्र, त्याची हातातील कामे, त्याची सचोटी चालत नाही! हा कोणता न्याय?

काही अर्थपंडित म्हणतात, ही जनतेच्या पैशाची उधळण आहे. हमी म्हणजे कर्जमाफी नव्हे, हे त्यांनी आधी समजून घ्यावे. हमी बँकेला मिळते, ऋणको ऋणमुक्त होत नाही. हमीसाठी शुल्क भरावे लागते आणि तो भार बहुधा उद्योजकाच्याच माथी पडतो. तोट्याचा काही अंश बँकेकडेच राहतो, म्हणून तिला कर्जदार पारखून घ्यावाच लागतो. पारख जरूर करा. पण ती धंद्याची करा.

यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी द्यावे. प्रत्येक शाखेने हमीखाली किती कर्जे दिली, हे जाहीर व्हावे. महामंडळाने गहाणाची संमती ठरावीक मुदतीत द्यावी.

वाचकहो, बँकांतील अधिकारी आणि सनदी लेखापाल आपल्याच घरांतून आलेले आहेत. स्वावलंबनाची भाषा सभेत बोलणे सोपे असते. ती कर्जाच्या अर्जावर सही करताना आठवली, तरच महाप्याच्या गाळ्यातील तरुण इतरांना रोजगार देणारा होईल. नाहीतर हमी कागदावर राहील आणि तो खाजगी सावकाराच्या दारात!