वाळवीच्या बाजूनं दोन शब्द

सुख माणसाला एकट्यानं भोगता येतं. दोष ठेवायला मात्र दुसरं कुणीतरी लागतं. मुलगा नापास झाला की मास्तर, पोट बिघडलं की हॉटेल आणि सून रुसली की तिचं माहेर, अशी आपली ठरलेली खाती आहेत. घरातलं लाकूड बिघडलं की ते वाळवीच्या खात्यावर मांडायचं, हीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. वाळवीला वकील नाही, मतदानाचा हक्क नाही, आणि भर सभेत उठून "हे साफ खोटं आहे" असं ती म्हणत नाही. म्हणून तिच्या बाजूनं बोलायची जबाबदारी मी आपण होऊन पत्करतो आहे.

वाळवी संतसज्जन आहे असा माझा दावा नाही. आमच्या घराण्यातल्या दोन पिढ्यांच्या पत्रिका आणि एक जाडजूड शब्दकोश, त्यातल्या 'वाळवी' या शब्दासकट, तिनं खाल्लेला आहे. पण चोरानं केलेल्या चोऱ्यांचीच शिक्षा त्याला व्हावी, गावातल्या सगळ्याच नव्हे, एवढं तर तुम्हीही कबूल कराल.

फ्लॅटात सगळ्यात आधी खराब होते ती बाथरूमच्या दाराची चौकट. तीही तळाशी, जमिनीपासून चार-सहा बोटं. प्रथम तिथला रंग फुगतो. मग एक दिवस पुसताना घरातल्या बाईचं बोट चौकटीत पेरभर आत जातं, आणि "अगंबाई, वाळवी!" असा निकाल साक्षीपुराव्याशिवाय लागतो. आमच्या शेजाऱ्यांकडे हेच झालं. औषधवाला आला, चौकटीला भोकं पाडली आणि पिचकारीनं औषध भरलं. तीन दिवस सगळ्या मजल्याला घेरी यावी असा वास सुटला होता. मी त्या गृहस्थांना विचारलं,

"वाळवी कुठं दिसली तुम्हाला?"

"साहेब, वाळवी दिसत नसते. ती आतून असते."

असं उत्तर मी तोवर फक्त परमेश्वराच्या बाबतीत ऐकलं होतं. वर्षभरानं चौकट आणखी दोन बोटं वर कुजली. औषधवाला पुन्हा आला. "फार चिवट जात आहे," म्हणाला. शेजारी भक्तिभावानं मान हलवत होते.

आता आपण रीतसर पंचनामा करू. वाळवी जिथं जाते तिथं माती घेऊन जाते. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून भिंतीवरून येताना ती मातीची नळी बांधून त्या बोगद्यातून येते. लाकडात शिरली की मऊ थर खाते, कठीण थर उभे ठेवते आणि आतल्या पोकळीत माती लिंपते. वरून दार शाबूत आणि आत जुन्या वहीसारखी पानं, ही तिची सही. ती नसेल तर चेक वटवू नये.

शेजाऱ्यांच्या चौकटीत माती औषधालासुद्धा नव्हती. लाकूड तपकिरी पडलेलं, उभ्या-आडव्या भेगा जाऊन त्याचे चौकोनी तुकडे झालेले, जणू चॉकलेटची वडी. एक तुकडा बोटांत चुरला तर चिमूटभर तपकीर तयार. ही बुरशीची सही. बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि न पचणारं लिग्निन मागे ठेवते, म्हणून हा रंग. दुसऱ्या जातीची बुरशी दोन्ही खाते. मग लाकूड पांढुरकं आणि काथ्यासारखं दोरेदार होतं. दोघींना लागतं ते एकच, पाणी. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी त्याचं काही बिघडवू शकत नाही. तिची बीजं हवेत सगळीकडेच असतात, तुमच्या देवघरातही. ती फक्त नळ गळायची वाट बघतात.

आमच्याच इमारतीत इंग्लंडला मुलीकडे सहा महिने राहून आलेले एक निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी चौकट दुरूनच पाहिली आणि "हा ड्राय रॉट," असं जाहीर केलं. आता 'कोरडी कूज' हे नाव ज्यानं ठेवलं, त्यानं पावसाला 'कोरडी ओल' म्हणायलाही कमी केलं नसतं. लाकूड शेवटी कोरडं आणि भुसभुशीत दिसतं म्हणून हे नाव पडलं. कुजताना ते ओलंच असतं. ज्या बुरशीला इंग्रज मंडळी खास करून या नावानं ओळखतात तिचं शास्त्रीय नाव सर्प्युला लॅक्रिमान्स. त्यातल्या लॅक्रिमान्सचा अर्थ आहे रडणारी, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. कोरडी म्हणून बोलवायचं आणि ती तर ढळाढळा रडते आहे! शिवाय ती थंड हवेची पाहुणी. हिमालयातल्या जंगलांत ती सापडते. पण पंचवीस-सव्वीस अंशांच्या पुढं तिचा जीव घाबरा होतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये माणसांचा जीव राहत नाही, तिथं तिची काय कथा! आपल्याकडच्या चौकटी आपल्या देशी बुरशाच कुजवतात. या बाबतीत आपण पूर्ण स्वावलंबी आहोत.

इंग्रजांना मात्र या कुजीनं चांगलंच रडवलं. 'क्वीन शार्लट' नावाची त्यांची भलीथोरली युद्धनौका १८१० साली पाण्यात उतरली आणि कामगिरीवर निघण्याआधीच तिची लाकडं कुजल्याचं उघडकीला आलं. एकही तोफगोळा न खाता जहाज आतून खलास. त्याच सुमाराला मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानाची जहाजं बांधत होते. त्यांतलं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतं आहे.

इथं विरुद्ध पक्षाचे वकील टुणकन उडी मारून उठणार, याची मला कल्पना आहे. "तेच तर आम्ही म्हणतो! पूर्वीचं सागवान राहिलं नाही हो!" हे वाक्य उच्चारताना माणसाच्या चेहऱ्यावर असा काही भाव येतो, की पूर्वीचं सागवान, पूर्वीचं तूप आणि पूर्वीची माणसं ही सगळी एकाच दिवशी एकाच तिरडीवरून गेली असावीत.

त्यांच्या म्हणण्यात चार आणे तथ्य आहे, ते मी देऊन टाकतो. सागाच्या गाभ्याचं लाकूड कुजीला आणि किडीला दाद देत नाही. सालीलगतचं पांढुरकं लाकूड मात्र सागाचं असलं तरी आंब्याच्या फळीइतकंच लेचंपेचं. कोवळं झाड कापलं की त्यात हा पांढुरका भाग जास्त येतो, आणि पॉलिश केल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पण उरलेले बारा आणे? ते बांधणाऱ्याच्या अकलेचे होते.

पुण्या-साताऱ्याकडचा कुठलाही जुना वाडा बघा. लाकडी खांब थेट जमिनीत गेलेला तुम्हाला दिसणार नाही. त्याच्या पायाखाली दगडाचा तळखडा असतो. तो शोभेसाठी ठेवला असावा अशी आपली समजूत. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी, आणि खांबाचा तळ म्हणजे त्या नळ्यांची उघडी तोंडं. जमिनीची ओल त्या तोंडांना लागू नये, म्हणून मध्ये दगड. कोकणातली घरं बघा. छप्पर भिंतीच्या पुढं इतकं आलेलं की पागोळ्या अंगणात पडतात, भिंतीवर नाही. आपण काय केलं? छज्जा वीतभर ठेवला, कारण पुढची जागा मोजणीत जाते. चौकटीचे पाय फरशीत गाडले, भोवती सिमेंट भरलं आणि त्यावर रोज दोन वेळा बादल्या ओतल्या. त्या चौकटीनं कुजू नये तर काय अभंग म्हणावेत?

याहून मोठा साक्षीदार हवा असेल तर कार्ल्याच्या लेण्यात जा. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय चीज आहे ते सहलीला गेलेल्या कुठल्याही छत्रीला विचारा. तो पाऊस बाहेर दोन हजार पावसाळे कोसळला आणि आतलं लाकूड जागेवर आहे. कारण डोक्यावर अख्खा डोंगर आहे आणि समोरून हवा खेळते आहे. कुणी दरवर्षी पिचकारी मारायला जात नव्हतं. रंगही कुणी मारत नव्हतं.

रंगाचा विषय निघालाच आहे तर माझा खरा राग त्याच्यावर आहे, तो सांगून टाकतो. कुजलेल्या चौकटीवर आपला राष्ट्रीय उपाय म्हणजे भगदाडात लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा आणि वर ऑइलपेंटचे दोन हात. दिवाळीपुरती चौकट नवरीसारखी दिसते. पण पाणी आत शिरतं ते खालून आणि फटीतून, आणि बाहेर पडायचे रस्ते तुम्ही रंगानं बंद केलेले असतात. म्हणजे बुरशीला तुम्ही ओल दिलीत आणि वर रेनकोटही चढवलात. घाण झाकली की संपली, या आपल्या जुन्या श्रद्धेला इतकं चोख प्रत्युत्तर दुसरं कुणी देत नसेल.

मग इलाज काय? तो साधा आहे, म्हणूनच कुणाला पटत नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. गळका नळ, भिंतीतला पाइप, फरशीचा उलटा उतार, तुंबलेली पन्हळ. ते बंद झाल्याशिवाय लाकडाला हात लावू नये. मग टोच्यानं टोचत वर जायचं आणि जिथं टोचा आत जायचा थांबेल त्याच्या थोडं वर लाकूड कापायचं. लाकूड नीट वाळू द्यायचं. चार दिवस नव्हे, चार आठवडे लागले तरी लागू द्यायचे. मग वाळलेल्या, मुरलेल्या गाभ्याच्या लाकडाचा नवा पाय सांधून बसवायचा आणि त्याच्या खाली दगडाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे तोच आपला तळखडा. लावायचंच असेल तर रंगाआधी टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं द्रावण पाजावं. कॅरमबोर्डवर टाकतो तीच पावडर; बुरशीचा डाव ती मोडते. मात्र वाहत्या पाण्यात हे औषध धुऊन जातं, म्हणजे पुन्हा पहिल्या कलमावर या.

औषधांना माझा विरोध नाही. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मिळून लाकूड टिकवायचा जगप्रसिद्ध मसाला १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या आपल्याच माणसानं शोधला. जगभरचे विजेचे खांब त्यावर उभे राहिले. त्यातल्या आर्सेनिकमुळे युरोप-अमेरिकेत २००४ पासून घरगुती वापरावर बंधनं आली, तेही योग्यच झालं. पण ते औषध कारखान्यात दाबानं लाकडाच्या पोटात भरत असत. लाकूड कुजल्यावर ब्रशानं वरून फासायचं काहीही म्हणजे मेल्यावर दिलेला काढा.

शेजाऱ्यांकडे शेवटी एक म्हातारे सुतार आले. त्यांनी पटाशीच्या मुठीनं चौकट ठोकून पाहिली, मग चौकट सोडून भिंत ठोकू लागले. नळाच्या मागे पाइप झिरपत होता. "काका," ते मला म्हणाले, "लाकूड भिजल्यानं मरत नाही. भिजलेलं वाळू दिलं नाही, की मरतं." औषधवाल्याचं बिल मात्र त्याआधीच दोनदा चुकतं झालेलं होतं.

तुम्ही म्हणाल, एका चौकटीसाठी एवढं आकांडतांडव कशाला? चौकट कुजली तर दार लागत नाही आणि फार तर आंघोळ करताना गाणं म्हणत बसावं लागतं. पण हीच बुरशी आणि हीच आपली समजूत मुंबईच्या जुन्या चाळींतही राहते. १९६९ साली कायदा करून अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं, तेव्हा उपकरप्राप्त इमारती मोजल्या त्या १९,६४२ भरल्या. त्यांतल्या कितीतरी लाकडी सांगाड्याच्या. तुळया लाकडाच्या, जिने लाकडाचे, गॅलऱ्याही लाकडाच्या. तिथं तुळईचं टोक भिंतीत गेलेलं असतं. वरच्या बिऱ्हाडाची मोरी त्याच भिंतीत झिरपते. टोक कुजतं ते कुणालाच दिसत नाही, कारण खालच्या बिऱ्हाडानं ओलीचा डाग लपवायला छताला फळ्या ठोकून वर रंग दिलेला असतो. तपकिरी कुजीचा कावा असा की लाकडाचं वजन जेमतेम घटतं, तोवर त्याची ताकद बरीचशी गेलेली असते.

मालक म्हणतो, भाडं किती देता? भाडेकरू म्हणतो, इमारत कुणाची? दोघंही आपापल्या परीनं खरे आणि दोघंही कोर्टात. बुरशी या दाव्यात पक्षकार नाही; तिला तारखा पडत नाहीत, ती रोज हजर असते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी निघते, आणि एखाद्या जुलैत कुठली तरी गॅलरी वाळत घातलेल्या कपड्यांसकट, कधी माणसांसकट खाली येते. वर्तमानपत्र लिहितं, 'मुसळधार पावसामुळे'. वाळवीऐवजी पाऊस, खातं बदललं एवढंच. तो पाऊस एका रात्रीचा असतो. मोरी पंचवीस वर्षं झिरपत असते आणि ती झिरपते हे मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंग कोणता द्यायचा, क्रीम की बदामी, यावर दोन तास खुशाल भांडा; तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे. पण त्याआधी पंधरा मिनिटं 'कुणाकडे काय गळतं' एवढा एकच विषय घ्या आणि खजिनदाराला एक टोचा मंजूर करा. वाळवीचा नंबर त्यानंतर. ती पळून जात नाही. तिच्या शब्दकोशाची अजून बरीच पानं शिल्लक आहेत.