मोठीं चाकें, उंच गाडी

शाळा सोडून मिळवते झालेल्या तरुणांच्या हातीं थारसारखी डोंगरी गाडी येतांच तिला मोठे टायर व उंच स्प्रिंगा बसविण्याची हौस त्यांस होते. हौस निंद्य नव्हे. पण तिच्यामागें गणित असावें, असें आमचें मत आहे.

२०२० सालीं निघालेल्या थारच्या १८ इंची रिमचे टायर सुमारें ३१ इंच व्यासाचे असतात. त्यांजागीं ३३ इंची बसविले, तर आस दोन नव्हे, एकच इंच वर जाते. कारण उंची त्रिज्येइतकीच वाढते. उंच स्प्रिंगांनीं गाडीचा सांगाडा वर जातो. पण मागील अखंड आस व तिजवरील डिफरन्शियलचा गोळा जेथल्या तेथेंच राहतात. आतां याचें मोल पाहा. वेगमापक ६० दाखवील तेव्हां खरा वेग सुमारें ६४ असेल. इंजिनावर ताण पडेल, थांबावयास अंतर अधिक लागेल, आणि गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें घाटांतील वळणावर गाडी उलटण्याचें भय वाढेल. शिवाय मूळ रचनेंत असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ आड येतें. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं याच अर्थाचा निर्णय दिला.

यास्तव, विद्यार्थिमित्रहो, उद्यां गाडी घ्याल तेव्हां प्रथम मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घ्या. वाळूंत त्यांतील हवा बेतानें कमी करा व पक्क्या रस्त्यावर येतांच पुन्हा भरा. एवढ्यानें पुष्कळ बिकट वाटा सुटतात. गाडी आपली खरी; पण तींत बसलेल्यांचे प्राण आपल्यापाशीं केवळ ठेव म्हणून असतात.