रोगाची वाट

वैद्यकीच्या परीक्षा जवळ आल्या म्हणजे घरांतील वातावरण कसें होतें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस सांगावयास नको. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ मध्यें सुरू झालेल्या योजनेखालीं म्हाडानें भूखंड पाडून वसविलेल्या चारकोपांतही असे विद्यार्थी आहेत. रात्रीं घोकणें चालूं असतें: ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत वेदना, कावीळ, मूत्रपिंडांचा बिघाड, रोग लेप्टोस्पायरोसिस. यादी बिनचूक येते. परंतु हीं सारीं लक्षणें एकाच माणसास कां व्हावीं, असें विचारल्यास पाठांतर थांबतें.

आमचें म्हणणें असें कीं, रोग म्हणजे लक्षणांचा ढीग नव्हे. त्याची एक वाट असते, आणि ती ओळखली म्हणजे लक्षणें आपोआप आठवतात.

हा जंतु उंदराच्या मूत्रपिंडांत सुखानें नांदतो व मूत्रावाटे बाहेर पडतो. तुंबलेल्या पाण्यांतून तो पायाच्या भेगेंतून किंवा खरचटलेल्या कातडींतून माणसाच्या रक्तांत शिरतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलें आणि ऑगस्टांत या रोगाची साथ आली. जंतु शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा ५ ते १४ दिवस जातात, हें ठाऊक असलें म्हणजे या विलंबाचें आश्चर्य वाटत नाहीं.

रक्तांत शिरल्यावर तो बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींस इजा करतो. यकृतांत तो पेशींचा सरसकट संहार करीत नाहीं. त्यांमधील सांधे सैल करतो, म्हणून पित्त रक्तांत झिरपतें. विषाणुजन्य काविळींत पेशी मोठ्या संख्येनें मरतात व त्यांतील एन्झाइमें रक्तांत हजारांच्या घरांत जातात. येथें बिलिरुबिन फार वाढतें, एन्झाइमें मात्र थोडींच वाढतात. मूत्रपिंडांतही तसेंच. मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे रक्तांतील पोटॅशियम सामान्यतः वाढतें. परंतु येथें नलिका सोडियम परत शोषूं शकत नाहींत, तें पुढें वाहतें व त्याच्या बदल्यांत पोटॅशियम मूत्रांत जातें. म्हणून तें पुष्कळदां कमीच आढळतें.

परीक्षक रोग्याची हकीकत आणि रक्ताचे आंकडे देऊन हेंच विचारतो. ज्यानें केवळ यादी पाठ केली, तो ‘कावीळ’ हा शब्द पाहतांच यकृतदाहाकडे धांवतो. परीक्षेंत याचा दंड एका गुणाचा; दवाखान्यांत मात्र तो रोग्यास भरावा लागतो. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन लवकर सुरू करण्यांत लाभ आहे, आणि कावीळ दिसेपर्यंत थांबणाऱ्याच्या हातून तो वेळ निघून गेलेला असतो. पावसाळ्यांत ताप घेऊन आलेल्या माणसास “गेल्या पंधरवड्यांत पाण्यांतून चाललां होतां काय?” असें विचारण्याची बुद्धि ही वाट जाणणाऱ्यासच होते.

पाठांतर टाकून द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. औषधांचीं नांवें व मात्रा घोकल्यावांचून येत नाहींत. परंतु त्यापूर्वीं एक कोरा कागद घ्यावा. जंतु कोठून आला, कोठें गेला, तेथें त्यानें काय बिघडविलें आणि त्या बिघाडाचें कोणतें लक्षण झालें, हें पुस्तक मिटून बाणांनीं जोडावें. जेथें बाण अडेल, तेवढाच भाग पुन्हां वाचावा. मग तीच कथा घरांतील आजीस साध्या मराठींत सांगावी. तिला ती उमगली, तर आपल्यासही उमगली असें समजावें.

आईवडिलांसही एक सुचवावेंसें वाटतें. “आज किती पानें झालीं?” असें विचारण्याऐवजीं “आज कोणत्या रोगाचें कारण कळलें?” असें विचारावें. उत्तर ऐकावयास जेवणाची पंगत पुरेशी आहे; आणि पायास जखम असतां पावसाच्या पाण्यांत कां उतरूं नये, हें ऐकतां ऐकतां घरांतील इतरांसही कळेल.