वजन उतरले, पण दृष्टी?

रातांधळेपणा हा गरिबीचा रोग आहे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे आणि ती निराधार नाही. अन्नातील अ जीवनसत्त्वाच्या अभावी हजारो मुलांचे डोळे गेले, म्हणूनच केंद्र सरकारने १९७० साली लहान मुलांना ठरावीक अंतराने या जीवनसत्त्वाची मात्रा पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आज बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही अंगणवाडी सेविकेला किंवा आशा कार्यकर्तीला हा डोस ठाऊक आहे. संध्याकाळ झाली की मूल चाचपडते, असे आईने सांगितले तर त्याचा अर्थ तिला समजावून द्यावा लागत नाही. तथापि हाच रोग आता दुसऱ्या दाराने येऊ शकतो, आणि ते दार दारिद्र्याचे नसून वैद्यकशास्त्राच्या प्रगतीचे आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतलेल्या, घरी अन्नधान्याची ददात नसलेल्या प्रौढ माणसालाही रातांधळेपणा येऊ शकतो, ही गोष्ट खेड्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांना कोणी सांगितली असेल.

या शस्त्रक्रियेला नावे ठेवण्याचे कारण नाही. विदर्भाचे नेते नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतली, तेव्हापासून वऱ्हाडातही तिची चर्चा घरोघर पोचली. अतिस्थूल माणसाचा मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांचे दुखणे आणि झोपेतला श्वासावरोध यांवर तिचा चांगला परिणाम होतो, हे आता निर्विवाद आहे. डोळ्यांनाही तिचा लाभ होतो. स्थूल स्त्रियांमध्ये मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढून दृष्टी धोक्यात येण्याचा एक विकार आढळतो. वजन उतरले की हा दाब उतरतो आणि दृष्टी वाचते. तेव्हा प्रश्न शस्त्रक्रिया करावी की नाही, हा नाही. ती मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे होते आणि रुग्ण खामगाव, चिखली, मेहकर किंवा मलकापूरला परत येतो. परत आल्यावर त्याच्याकडे कोण पाहणार, हा खरा प्रश्न आहे.

या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारात जठराचा मोठा भाग कापून काढतात. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. आणखी काही प्रकारांत तर आतड्याचा फारच मोठा हिस्सा असा बाजूला पडतो. यामुळे माणूस कमी खातो आणि खाल्लेल्यातलेही सारे अंगी लागत नाही. वजन उतरते ते यामुळेच. पण वगळलेले आतडे चरबी आणि जीवनसत्त्वे यांत निवड करीत नाही. अ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाते. स्निग्धांश शोषला गेला नाही, तर तेही वाया जाते. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे काही महिने, प्रसंगी काही वर्षे, काही बिघडल्याचे जाणवत नाही. साठा संपला की अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी दृष्टिपटलाला लागणारे द्रव्य तयार होईनासे होते. प्रथम रात्री दिसेनासे होते, मग डोळे कोरडे पडतात आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळावर व्रण पडून कायमचे अंधत्व येऊ शकते.

शहरातील रुग्णाला दिव्यांच्या उजेडात हे चटकन उमगतही नाही. परंतु ज्याच्या शेतातील पंपाला रात्रीच्या पाळीने वीज मिळते आणि ज्याला मध्यरात्री बांधावरून, विहिरीच्या काठावरून पाणी वळवायला जावे लागते, त्याची दृष्टी संध्याकाळनंतर गेली तर तो प्रश्न जिवाचा होतो. आणि असा माणूस डॉक्टरकडे गेलाच तर चष्म्याचा नंबर वाढला, वय झाले, मोतीबिंदू पिकत आला, एवढ्यावर त्याची बोळवण होण्याचा संभव अधिक. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, पपई हा आपला जुना उपाय एरवी उत्तम आहे; पण भाजीतील द्रव्याचे जीवनसत्त्वात रूपांतर व्हायलाही धड आतडे आणि थोडे स्निग्ध लागते. त्यामुळे अशा रुग्णाचे केवळ भाजीपाल्यावर भागत नाही.

याहूनही तातडीचा धोका थायमिनच्या, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आहे. त्याचा शरीरातील साठा अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सतत उलट्या होऊ लागल्या की तो साठा संपतो आणि मग एकाचे दोन दिसणे, बुबुळे थरथरणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे, ही लक्षणे दिसू लागतात. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८८१ साली या विकाराचे वर्णन केले तेव्हा त्यांच्या तीन रुग्णांत दोन मद्यपी होते. तिसरी शिवणकाम करणारी एक तरुणी होती. तीव्र आम्ल पोटात गेल्याने तिचे जठर जळून तिला सतत उलट्या होत होत्या. शस्त्रक्रियेनंतर उलट्यांनी हैराण झालेल्या आजच्या रुग्णाची अवस्था त्या तरुणीपेक्षा फारशी वेगळी नसते.

आपल्याकडील एक रूढ सवय येथे घातक ठरू शकते. उलट्यांनी गळून गेलेला रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यात आला की त्याला ग्लुकोजचे सलाईन लावावे, हा जणू अलिखित नियम झाला आहे. रुग्णाचे नातेवाईकही तसाच आग्रह धरतात. परंतु शरीरात साखर जाळायला थायमिन लागते. ते आधीच संपत आले असताना नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि रुग्णाची प्रकृती काही तासांत ढासळू शकते. ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्या बरोबर थायमिनचे इंजेक्शन देणे, एवढाच यावरचा उपाय आहे. औषध स्वस्त आहे, नवे नाही, दुर्मिळही नाही. हवी आहे ती एक माहिती: समोरच्या रुग्णाच्या पोटावर कोणती शस्त्रक्रिया झाली आहे! ती नेमकी त्या डॉक्टरांपर्यंत पोचत नाही.

ब-१२ जीवनसत्त्व आणि तांबे यांच्या अभावाने दृष्टीचा मज्जातंतू दुबळा होतो, तो प्रकार संथ गतीने चालतो. वारकरी परंपरेच्या या जिल्ह्यात माळकरी आणि शाकाहारी कुटुंबे बरीच आहेत. ब-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या शरीरात त्याचा साठा मुळातच तोकडा असण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेने त्याचे शोषण आणखी घटते. माळ उतरवायला कोणी सांगत नाही. गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर चुकवू नयेत, एवढेच सांगावयाचे आहे. मधुमेही रुग्णाची गोष्ट आणखी वेगळी. दीर्घकाळ चढलेली साखर एकाएकी उतरली की दृष्टिपटलावरील जुना विकार काही काळ बळावू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरच्या पहिल्या वर्षात बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे.

सूक्ष्म पोषणद्रव्यांचा हिशेब चुकला तर काय होते, हे या जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील अनेक गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात सेलेनियम अधिक आणि जस्त कमी आढळल्याचे सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले होते. त्या प्रकरणाने सारा देश बुलडाण्याकडे पाहू लागला, कारण केस गळणे सर्वांना दिसते. दृष्टी मंदावणे मात्र ज्याचे त्यालाच जाणवते, आणि पुष्कळदा त्यालाही उशिरा.

करावयाचे काम फार खर्चाचे नाही. शहरातील शल्यचिकित्सकाने रुग्णाला घरी पाठवताना मराठीत लिहिलेले एक कार्ड द्यावे: शस्त्रक्रिया कोणती झाली, गोळ्या कोणत्या व किती, रक्ताच्या तपासण्या केव्हा, आणि उलट्या थांबत नसल्यास ग्लुकोजपूर्वी थायमिन. रुग्णाने ते आधारकार्डासारखे जपावे. २०२४ साली बुलडाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील नेत्रविभागाने अशा रुग्णांची नोंद ठेवावी, वर्षातून एकदा त्यांचे डोळे तपासावेत आणि तालुक्याच्या डॉक्टरांना या विषयाची माहिती द्यावी. आशा कार्यकर्तीने मुलाच्या आईला विचारावयाचा प्रश्न, संध्याकाळी नीट दिसते का, हाच या प्रौढांनाही विचारावा.

रुग्णाच्या घरच्यांवरही जबाबदारी आहेच. वजन उतरले, कपडे सैल झाले, गावाने कौतुक केले की गोळ्या बंद पडतात, कारण बरे झालेल्या माणसाने औषध कशाला घ्यावे, असे सर्वांनाच वाटते. याउलट, भीतीपोटी अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा मनानेच घेणेही तितकेच वाईट. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर त्या बाळाला अपायकारक ठरू शकतात. मात्रा डॉक्टरांनी रक्त तपासून ठरवावयाची आहे. बदललेले आतडे आयुष्यभर बदललेलेच राहते; म्हणून पथ्यही आयुष्यभराचे.

पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी या देशाने गरिबाच्या मुलाची दृष्टी वाचवण्यासाठी चमचाभर औषध गावोगाव पोचवले. आज त्याच गावातील प्रौढ माणूस मोठ्या शहरात लाखो रुपये खर्चून येतो आणि स्वस्तातल्या जीवनसत्त्वावाचून त्याची दृष्टी जाते, असे घडता कामा नये. शस्त्रक्रिया शहरात होते. तिची राखण गावातच व्हावी लागते, आणि ती जबाबदारी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने आजच आपल्याकडे घेतली पाहिजे.