बर्गीच्या काठी चाकांवरचे घर

जबलपूरला पोस्टिंग आले की फौजी माणसाला दोन गोष्टींचा नाद लागतो, नर्मदेचा आणि गाड्यांचा. नर्मदेचे कारण सांगायला नको. गाड्यांचे कारण म्हणजे हे गावच गाड्यांचे आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. ज्या शक्तिमानने आपल्याला डोंगरदऱ्यांत नेले तो इथलाच, आणि जोंगाच्या नावातला ‘ज’ हा जबलपूरचाच. डिस्पोजलचा सांगाडा आणून दिला तर चार दिवसांत त्याचे काहीतरी बनवून देणारे वेल्डर इथे गल्लीगल्लीत आहेत.

असेच एक काम सध्या आमच्या ओळखीतले एक निवृत्त सुभेदार साहेब करताहेत. मूळ साताऱ्याकडचे, पेन्शनीनंतर इथेच राहिले. मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे तळी गोठली की लोक ट्रेलरवर बांधलेले छोटे घर ओढून थेट बर्फावर नेतात, हाताने क्रँक फिरवून ते खाली बसवतात आणि जमिनीतल्या झाकणाखाली बर्फाला भोक पाडून आत बसल्या बसल्या गळ टाकतात. आत पलंग, शेगडी, दिवा, सगळे. मुलाने व्हिडिओ पाठवला आणि साहेबांनी ठरवले की असे घर बर्गीच्या जलाशयाकाठी पाहिजे. जमिनीतली भोके तेवढी त्यांनी वगळली.

कल्पना मला मनापासून आवडते. जानेवारीत बर्गीच्या काठावरची थंडी तंबूतून थेट हाडात शिरते. पण नकाशात साहेबांनी पलंगाखालचे कप्पे, पडदे, बॅटरी, टीव्हीची जागा इंचाइंचाने मांडली आहे, आणि शेगडी दाखवली आहे आत, कोपऱ्यात, “थंडीत दार बंद करून मस्त” असे लिहून. माझा वाद त्या शेगडीशी आहे.

ज्यांनी उंचावर बुखारीजवळ रात्री काढल्या आहेत त्यांना हे सांगावे लागू नये. तरी सांगतो, कारण सिव्हिलमध्ये आल्यावर आपण हे फार लवकर विसरतो. झोपण्याआधी बुखारी बंद, आणि फेरीवरचा संत्री बंकरमध्ये डोकावून खात्री करणार, हा नियम कोणाच्या हौसेखातर नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्त तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून ठेवते. आधी डोके दुखते, मळमळते. उंचावर आपण म्हणायचो, हवा विरळ आहे म्हणून होतंय. बर्गीला म्हणू, दिवसभर उन्हात बसलो म्हणून होतंय. आणि झोपलेल्याला तर तेवढेही कळत नाही. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज धुराबद्दल आहे. लाल फुललेले कोळसे धूर देत नाहीत, म्हणून घमेले बिनधास्त आत आणतात, आणि नेमके तेच कोळसे हा वायू सर्वाधिक देतात. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने गेलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात.

त्यात साहेबांची खोली केवढी? आठ बाय सहा, उंची सहा फूट. म्हणजे २८८ घनफूट. घरातली साधी दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंचीची, १२०० घनफूट होते. चौथाई हवेत तीन माणसे आणि एक शेगडी, वर वेल्डरने फटी अशा बुजवलेल्या की वारा शिरू नये. अशा घरात मी कोणाला झोपू देणार नाही.

म्हणून माझे मत असे, की स्वयंपाक बाहेर, मागच्या फळीवर, ताडपत्रीखाली. आत जळणारे काहीही नको. ऊब पाहिजे तर भिंतीत थर्माकोल भरा, रजई जाड घ्या, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवा. जाळी लावलेली एक झडप छताजवळ आणि एक तळाशी, दोन्ही कधीच बंद न होणाऱ्या. तळाशी यासाठी, की गॅस सिलिंडर गळला तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीवर साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो उशीच्या उंचीवर लावा. मिनेसोटाच्या त्या घरांतही तो लावायला सांगतात, हे व्हिडिओत दिसत नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा. एमटीवाल्यांना पाठ असेल: ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकवर आला पाहिजे. मागे भार गेला की उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलतो आणि ओढणारी गाडी घेऊन रस्त्याबाहेर जातो. साहेबांच्या नकाशात पाण्याची शंभर लिटरची टाकी अगदी मागे आहे. म्हणजे शंभर किलो मागे. घरगुती सिलिंडर भरलेला तीस किलोच्या आसपास, १८ मिलिमीटर प्लायचा एक पूर्ण पत्रा पस्तीसच्या घरात. टाकी एक्सलच्या किंचित पुढे घ्या आणि कॅन भरायचे ते काठावर पोहोचल्यावर भरा.

कागदांचे काम वेल्डिंगच्या आधी करा. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याची नोंदणी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल चालत नाहीत. लिलावाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. रेखाचित्र घेऊन आधी आरटीओत जा, मग ग्राइंडर काढा.

आणि जागा कुठली घ्यायची? पाणी उतरल्यावर जी मोकळी जमीन दिसते ती मोकळी नसते. धरणात गावे गेलेली माणसे तिथे पीक घेतात आणि याच पाण्यावर जाळी टाकतात. त्यांच्या रांगेत ट्रेलर घालणे मला शोभेलसे वाटत नाही. काठावरच्या गावात आधी विचारावे, मासेमारीच्या परवान्याचीही चौकशी करावी. १६ जून ते १५ ऑगस्ट तर मध्य प्रदेशात मासेमारी बंदच असते. ते दोन महिने ट्रेलर दारात उभा राहील. तेव्हा जॅक लावून टायरवरचा भार काढावा, बेअरिंगला ग्रीस द्यावे, आणि त्या झडपांच्या जाळ्यांत गांधीलमाश्यांनी घर केले नाही ना, ते पाहावे.