विश्लेषण : एकट्याने ग्रुप ट्रेकला जाताना पैसे नेमके कशाचे भरायचे?

पावसाळा सुरू झाला की शनिवारी रात्री दादर, ठाणे, शिवाजीनगर भागात पाठीवर सॅक घेतलेले, एकमेकांना न ओळखणारे तरुण बसची वाट पाहताना दिसतात. मित्रांचे जमत नाही म्हणून बेत रद्द करण्याऐवजी अनेक जण अनोळखी गटात एकट्याचे नाव नोंदवतात. गटात असलो म्हणजे सुरक्षित, असा त्यामागचा समज असतो. तो कितपत खरा आहे?

ही पद्धत नवी आहे का?

मुळीच नाही. मुंबईतील गिरिविहार (१९५४) आणि पुण्यातील गिरिप्रेमी (१९८२) अशा संस्थांमधून कित्येक जण एकटे आले आणि गिर्यारोहक झाले. यूथ हॉस्टेल्सच्या हिमालयातील मोहिमांमध्येही देशभरातील अनोळखी लोक एका तुकडीत चालतात. फरक ओळखीच्या कालावधीत आहे. संस्थेत सभासद हळूहळू ओळखीचा होतो. त्याचा दम किती, त्याला कशाची भीती वाटते, हे नेत्याला माहीत असते. आता इन्स्टाग्रामवरील पोस्ट, गुगल फॉर्म, यूपीआयने पैसे आणि व्हॉट्सॲप ग्रुप एवढ्यावर नोंदणी पूर्ण होते. नेता आणि ट्रेकर यांची पहिली भेट अनेकदा मध्यरात्री बसमध्येच होते.

अनोळखी गटातील धोका वेगळा कसा?

मित्रांच्या गटात एखादा मागे राहिला तर कोणाच्या तरी ते लक्षात येते. अनोळखी गटात मात्र लक्ष ठेवणे हे कोणाचे तरी ठरवून दिलेले काम असावे लागते. ४० जण एकामागे एक, दोन-दोन मीटर अंतर ठेवून चालले तरी रांग सुमारे ८० मीटर लांब होते. सह्याद्रीतील दाट धुक्यात दहा-पंधरा मीटरपलीकडचे दिसत नाही, तेव्हा पुढच्या लीडरला शेवटचा माणूस दिसणे अशक्यच. त्यात वेगाचा फरक पडतो. पुढचे ताशी तीन किलोमीटर आणि मागचे ताशी दोन किलोमीटर चालत असतील, तर तासाभरात गटाची लांबी एक किलोमीटर होते. मधल्या एखाद्या फाट्यावर चुकीची वाट धरली, तर एकट्याने आलेला माणूस दिसत नाही हे पुढच्या मोजणीपर्यंत कोणाला कळणारही नाही.

म्हणूनच रांगेच्या अगदी शेवटी चालणारा, ट्रेकर्सच्या भाषेत ‘स्वीपर’, हा लीडरइतकाच महत्त्वाचा असतो. एकट्याने आलेला ट्रेकर बस आणि पोहे-चहाचे पैसे भरतोच. पण तो खरे पैसे भरतो ते आपण दिसेनासे झालो तर कोणाच्या तरी ते लक्षात यावे, यासाठी.

गर्दीचा परिणाम काय होतो?

नाशिक जिल्ह्यातील हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या अरुंद आहेत. त्याच पायऱ्यांवरून वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर येतात. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) वाटेवरील लोखंडी शिड्यांवरही सुटीच्या दिवशी असेच घडते. अशा ठिकाणी चार-पाच गट एकदम आले की गटाची रांग तुटते. आपला लीडर कोण आणि दुसऱ्या गटाचा कोण, हेही नवख्याला उमगत नाही.

नेता सोबत असूनही अपघात का होतात?

जून २०२४ मध्ये उत्तराखंडमधील सहस्रताल मार्गावर कर्नाटकातून गेलेला २२ जणांचा गट खराब हवामानात अडकला. सोबत स्थानिक गाइड असूनही नऊ जणांचा मृत्यू झाला. हवामान पालटल्यावर मागे फिरण्याचा निर्णय वेळेत होणे किती महत्त्वाचे, हे अशा घटनांतून दिसते. व्यावसायिक ट्रेकमध्ये हा निर्णय अधिक अवघड होतो. आयोजकाला पैसे परत करावे लागण्याची चिंता असते आणि ट्रेकरला भरलेले पैसे वाया जाण्याची. त्यात एकट्याने आलेला माणूस ‘मला झेपत नाही’ हे अनोळखी लोकांसमोर सांगायला संकोचतो.

नियम काय सांगतात?

महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण लागू केले. जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम घेणाऱ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. मात्र समाजमाध्यमावर पान उघडून ट्रेक जाहीर करणे फारच सोपे असल्याने नोंदणी आहे की नाही, हे ग्राहकालाच विचारावे लागते. बसमध्ये घाईघाईत सही करून घेतलेल्या हमीपत्राबद्दलही गैरसमज आहेत. अशी सही केली म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आपोआप संपत नाही. ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करू शकतो.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? एकूण किती जण आणि किती लीडर? स्वीपर कोण? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाकडे आहे? मोजणी कुठे कुठे होणार? कोणत्या परिस्थितीत ट्रेक रद्द होईल आणि पैसे परत मिळतील का? महिलांनी महिला लीडर, मुक्कामातील तंबू किंवा खोलीची व्यवस्था आणि स्वच्छतागृह याबाबत आधीच स्पष्ट उत्तर घ्यावे. ‘सोपा’, ‘मध्यम’ ही श्रेणी प्रत्येक आयोजक आपापल्या अंदाजाने देतो. त्याऐवजी चढाई किती मीटर आणि चालणे किती तास, हे विचारणे उपयोगी. ‘काळजी करू नका, सगळे होते’ एवढेच उत्तर आले, तर दुसरा गट शोधावा.

ट्रेकरची जबाबदारी कोणती?

दमा, हृदयविकार, ॲलर्जी यांची माहिती फॉर्ममध्ये लपवू नये. विमा पॉलिसीतील साहसी खेळांचे कलम वाचावे. पायथ्याचे गाव, परतीची वेळ आणि लीडरचा क्रमांक घरी कळवावा. डोंगरात नेटवर्क मिळेलच असे नाही. संकटात ११२ क्रमांक आहेच, पण मदत पोहोचेपर्यंत पायथ्याचे गावकरीच आधी धावून येतात. आणि चढाईपूर्वी पुढे-मागे चालणाऱ्या दोघांची नावे विचारून घ्यावीत, आपले नाव त्यांना सांगावे. निदान दोघांना तरी आपण मागे राहिल्याचे कळेल.